मधुकर, एक शंका आहे

कोण म्हणतं मुंबईनं माणूस बदलत नाही? आमच्या संत्याचं ऐका. पोशेरा गावचं पोरगं, उन्हाळाभर मुंबईच्या एका कंपनीत इंटर्नशिप करून आलं. तिथं म्हणे साहेबाला नावानंच हाक मारायची. कोणी सर म्हटलं, तर साहेबालाच राग येतो.

इकडे जव्हारला कॉलेज सुरू झालं. पहिलाच तास अकाउंट्सच्या सरांचा. त्यांचं नाव मधुकर, हे आम्हाला फक्त दारावरच्या पाटीमुळे ठाऊक. त्यांच्या बायकोनंसुद्धा ते उखाण्यापलीकडे कधी घेतलं नसेल. आणि हा बिनधास्त उभा राहिला, "मधुकर, एक शंका आहे."

मी बाकाखाली पेन शोधायला वाकलो. पेन काही पडलं नव्हतं.

सर फळ्याकडून वळले. "काय म्हणालास?"

"सॉरी सर, सवय लागली. ऑफिसात साहेबाला असंच म्हणायचो."

"असं का? आणि साहेब तुला काय म्हणायचा?"

संत्या पडला खरं बोलणारा. "'ए इंटर्न' म्हणायचा. माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं त्याला."

सरांचा चढलेला पारा जरा उतरला. खडू खाली ठेवून म्हणाले, "लक्ष्मणचा संतोष ना तू, पोशेऱ्याचा? मला माहीत आहे तुझं नाव. विचार काय विचारायचंय ते."

संत्याला एवढं भरून आलं, एवढं भरून आलं, की म्हणाला, "थँक यू, मधुकर."

उरलेला तास आम्ही दोघांनी व्हरांड्यात काढला. मी कशाला? अरे, मी हसलो ना!