घरचा नळ

बायको जाऊन वर्ष झालेला एक म्हातारा दवाखान्यात लसीच्या रांगेत बसला होता. शेजारी एक प्लंबर आणि त्याची बायको बोलत होते.

"चर्चची मंडळी परदेशात शाळा बांधायला निघालीत. नळ मी नको बसवायला?"

"बसवा की. आपल्या मोरीतला दोन वर्षं गळतोय."

"ही सेवा आहे गं."

"सेवा तिकडे, आणि मेवा म्हणून मला टपटप?"

"महिन्याचा तर प्रश्न. जाऊ दे ना मला."

"तिथे पाना कोण देईल? तुम्ही मान न वळवता नुसता हात मागे करता."

"मागून घेईन."

"कुठल्या भाषेत? वीस वर्षं नुसतं 'हं' म्हणता. कुठला पाना हवाय, ते मलाच कळतं."

तेवढ्यात नर्सने हाक मारली, "चर्चवाले नवरा-बायको, आत या."

"अहो, जाणारा मी एकटाच आहे."

"एकटे कसे? मीही नाव दिलंय. पाद्रीबाबांना म्हटलं, ह्यांच्या 'हं'चं भाषांतर करायला कुणीतरी हवं."

"अगं, मग घरचा नळ?"

"गळू दे. आपण दोघंही नसल्यावर ऐकायला आहे कोण?"

म्हाताऱ्याने पाय आत घेऊन दोघांना वाट करून दिली.