अकराशे पन्नास वॅटचं थंड पाणी

गिझर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

“अहो, सरळ सांगा ना मिस्त्रींना, गिझर बिघडलाय म्हणून.”

“बिघडलेला नाही. व्होल्टेज दोनशे तीस, करंट पाच अँपिअर, मी स्वतः मोजलाय. भागाकार केला की रेझिस्टन्स सेहेचाळीस ओहम, गुणाकार केला की पॉवर अकराशे पन्नास वॅट. पाणी गरमच आहे.”

“मग मी रोज कुडकुडते ती काय हौस म्हणून?”

“तुला नुसतं थंड वाटतं. वाटण्याला पुरावा नसतो.”

“आणि काल तुम्ही अंगावर तांब्या ओतून किंचाळलात ते?”

“ते आनंदानं. उत्तर बरोबर आलं होतं.”

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “साहेब, गिझर एवढी वीज खातोय म्हणजे पाणी तापतंय. तुमच्या नळाला येत नाही, मग जातंय कुठे? पाइप कोणी जोडले?”

“मीच. गेल्या सुट्टीत.”

“अगं बाई! म्हणून खालच्या मजल्यावरचे काका हल्ली तासभर गात आंघोळ करतात! त्यांच्याकडे तर गिझरच नाही!”

“बघ! मी म्हणत होतो ना, पाणी गरमच आहे!”

“हो हो. तुम्ही इथेच थांबा, गुणाकार पुन्हा तपासा. मी चालले काकांकडे आंघोळीला.”