आधी त्या कोळ्याला बाहेर काढा!

कोळ्याला भिणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, असंच म्हणताय ना? कबूल! कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकलो, पण आठ पायांपुढे ते टिकत नाही.

जातिभेद मोडायचा म्हणून मी आणि वसंता नाशिकहून मुद्दाम हरसूलला, रामा कोळ्याच्या घरी जेवायला गेलो. शहरातले बामण खरंच जेवतात का, ते बघायला सारा पाडा दारात जमलेला. मी नागलीच्या भाकरीचा घास उचलला, तोच समोरच्या कुडाच्या भिंतीवरून बशीएवढा कोळी सरसर खाली आला. मी ताट लवंडून ओरडलो, "कोळी! आधी त्या कोळ्याला बाहेर काढा!"

रामाचा चेहरा पडला.

"मोडला जातिभेद!" वसंता पुटपुटला.

मी घाईने कुडाकडे बोट केलं. "अहो रामभाऊ, तुम्ही नाही! तो, आठ पायांचा!"

रामाच्या म्हाताऱ्या आईने वर पाहिलं आणि ती पदरात तोंड लपवून हसत सुटली. "आरं पोरा, त्यो घरातलाच हाय, त्याला कशाला काढू? तुला भ्या वाटतंय, तर तूच भाईर बस."

वसंता आत पंगतीत जेवला. मी अंगणात. आणि माझी भाकरी म्हातारीने, डोळे मिचकावत, वरूनच टाकली!