सुका काथा ओढू नये

माझा जन्म पेडण्यातला, तेरेखोल नदीच्या काठावरचा. शाळा दुसरीपर्यंत, तीसुद्धा मास्तर घरी येऊन ओढून न्यायचे म्हणून. बाकी सगळा जन्म काथ्यात गेला. नारळाची सोडणं चिखलात पुरून कुजवायची, काढून बडवायची, काथा मोकळा करायचा, मग सुंभ वळायचं. काय सांगू तुम्हाला, माझ्या सुंभानं बांधलेली होडी सुटली असं या काठावर कोणी म्हणून दाखवावं.

तर सांगायचं होतं ते केसांचं. आमच्या घराण्यात केस कुरळे, माझ्या आईचे, माझे, आणि माझी एकुलती लेक, माझं चेडू शालन, तिचे तर विचारूच नका. बायको सुक्या केसांत फणी घालायची, पोर रडायची, फणीचे दात मोडायचे. कोणीतरी सांगितलं, तीनदा गोटा केला की केस सरळ येतात. मी हट्टी माणूस, एकदा मनात घेतलं की घेतलं. तीनदा तिला न्हाव्यापुढे बसवली. तिसऱ्या वेळी ती सात वर्षांची होती, गणपतीच्या चवथीला फुगडीला गेली नाही, टॉवेल गुंडाळून दाराआड उभी राहिली. केस आले ते पहिल्यासारखेच. पण तेव्हापासून तिनं माझा हात डोक्याला लावून घेतला नाही. मोठी झाली तशी पार्लरात जाऊन सरळ करून घेत राहिली.

तिला डिचोलीला दिली. जावई आधी खाणीवर ट्रक चालवायचा, आता बस चालवतो. मुली दोन, ईशा नि रेवा, दोघींचे केस आमच्यावर गेलेले. यंदा चवथीआधी गणपतीवरच्या माटोळीला बांधायचे नारळ-सुपाऱ्या न्यायला सगळी आली, तर धाकटी रेवा फुगून बसलेली, यंदा फुगडी घालणार नाही म्हणते. का गो, विचारलं. म्हणते, शाळेत मला काथो म्हणतात, आजो, भांडी घासायचो काथो. शालन म्हणाली, रडू नको, उद्याच म्हापशाला पार्लरात जाऊया, दोघींचे सरळ करून घेऊया.

माझं डोकं फिरलं. काथो ही काय शिवी झाली, त्या काथ्यानंच तुका शिकवली, असं शालनला म्हणणार होतो. पण रेवाचं तोंड बघितलं आणि मला ते टॉवेल गुंडाळलेलं डोकं दिसलं. म्हटलं, आजची सकाळ मला दे, मग खुशाल ने. शालन म्हणाली, बाबा, तुम्ही, आणि केस? म्हटलं, वस्तरो हाडणार नाय, भिऊ नको. ती हसली नाही.

रेवाला पायरीवर बसवली, बाल्दीभर पाणी घेतलं. सुका काथा ओढला की तुटतो हे मला लहानपणापासून ठाऊक, पण चेडवाच्या केसांनाही तेच लागू हे सुचायला सत्तरी उलटावी लागली. केस भिजवले, खोबरेल चोपडलं, फणी बाजूला ठेवली आणि बोटांनी, टोकाकडून वर, एकेक बट सोडवत गेलो. आजो, दुखत नाय, रेवा म्हणाली. मग ईशा पण बसली. वाळल्यावर बटा अशा वळल्या, की माझ्या ऐन उमेदीतल्या सुंभालाही तसा पीळ नव्हता. शालननं पार्लराचं नाव काढलं नाही.

चवथीला पहिल्या बसनं डिचोली गाठली, दोघींचे केस मीच केले. वर आबोलीचा गजरा. फुगडीत इतर मुलींचे गजरे गळले, आमच्या पोरींचे पिनेशिवाय बसलेले तसेच. शाळेतली एक मुलगी काथो म्हणालीच. रेवा फिरता फिरता म्हणाली, होय, माझ्या आज्याचो काथो, होडी बांधून ठेवता. मी पाटावर बसलेलो, उगीच खोकलो.

तेव्हापासून रविवार माझा, शालन पोरींना घेऊन माझ्याकडे येते. शालन पार्लरात गेलेली नाही, मुळाशी बोटभर कुरळे आलेत. गेल्या रविवारी पोरींचे झाले, मी हात पुसत होतो, तर ती येऊन पायरीवर पाठमोरी बसली. बाल्दी पुन्हा भरून आणली.

बोटं आता वाकडी झालीत. देवानं जेवढी ठेवलीत तेवढी याच कामाला लागोत, आणि माझ्या पोरींच्या डोक्यावर हे कुरळे केस म्हातारपणापर्यंत राहोत.