आचलचे वजन आणि मैनाबाईंचे कोहळे

सौ. सीमा गोवर्धन निंभोरकर, वय ४४ वर्षे, व्यवसाय अंगणवाडी सेविका, राहणार बोरखडी, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, एकोणीस वर्षांपूर्वी मी कामावर रुजू झाले त्या दिवशी गावातील मैनाबाई पुंजाजी अंबाडकर मला म्हणाल्या होत्या, "भाजी तोलतो मी, लेकरू नाही तोलू देत." त्या भाजीपाला पिकवतात व बाजारात विकतात. तोललेल्या मुलाला दृष्ट लागते, असे त्या मानतात. त्यांच्या घरचे एकही मूल या आठवड्यापर्यंत अंगणवाडीच्या वजनकाट्यावर चढलेले नव्हते.

आमची अंगणवाडी समाजमंदिराच्या खोलीत भरते. मदतनिसाचे पद चौदा महिन्यांपासून रिक्त आहे. तेव्हापासून मैनाबाई रोज सकाळी येऊन खोली झाडतात. कोणी सांगितलेले नाही. त्यासाठी एक किल्ली त्यांच्याकडे असते.

त्यांची नात आचल, वय तीन वर्षे, दवाखान्यात जन्मली तेव्हा एक किलो सहाशे ग्रॅम होती. पोळ्याच्या सुमारास तिच्या दंडाचे माप पिवळ्या पट्टीत, म्हणजे कुपोषणाच्या धोक्यात आले. मी तिला खिचडी दोनदा वाढते. वजन होत नसल्याने मोबाईलमधल्या नोंदीत तिचा चौकोन रिकामा राहायचा. ती अंगाने भरते आहे की खंगते आहे, हे मला सांगता येत नव्हते. सुपरवायझर बाई दर महिन्याला विचारतात. मी दर महिन्याला सांगते, आजी नाही म्हणते.

सोमवारी सकाळी साडेनऊला खोली उघडली तेव्हा वजनाची मशीन जागेवर नव्हती. तक्रारीची प्रत दिल्याशिवाय नवीन मशीन मिळत नाही, म्हणून दुपारी या ठाण्यात तक्रार दिली. कुलूप तुटलेले नव्हते. दुसरी किल्ली कोणाकडे असते, ते मी तक्रारीत सांगितले नाही. मला कोणी विचारले नाही.

आज बुधवारी पावणेदहाला अंगणवाडीत मैनाबाई डोक्यावर टोपली आणि कडेवर आचल घेऊन आल्या. टोपलीत मेथीखाली मशीन होती.

"बाई, तुयी मशीन खरी हाय वं," त्या म्हणाल्या. "समदे वावरात गेल्यावर दार लावून पायलं. आधी कोहळं ठेवलं. माह्या तागडीत चार किलो, हिच्यावरबी चारच. मंग पोरगी ठेवली."

"मैनामाय, मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू पायले आली असती. नजर तं तुयीबी हाय नं!"

कोहळ्याचे जबाबात लिहायची गरज नाही, असे हा जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले. मी म्हटले, आहे.

नंतर मैनाबाईंनी स्वतःच मशीन जमिनीवर ठेवली. तिच्या कडीला काळा दोरा बांधलेला होता. आचलला वर उभे करून त्या मला म्हणाल्या, "आता पाय. पण आकडा तोंडातून काढू नको." मी काढला नाही. मोबाईलमध्ये भरला. चौकोन हिरवा झाला, म्हणजे वजन ठीक. आचल मशीनवरून उतरायला तयार नव्हती. तिला पाहून बाकीची पोरे रांगेत उभी राहिली.

साहेबांनी आता इथे वजन किती भरले ते विचारले. मैनाबाई समोर बाकावर बसलेल्या असल्याने मी आकडा कागदावर लिहून दिला.

मशीन सापडली हे कळवण्यासाठी आम्ही दोघी ती ऑटोत घेऊन येथे आलो. साहेबांनी ती मुद्देमाल म्हणून जमा करून घेतली. कोर्टाच्या आदेशाशिवाय परत देता येत नाही, असे सांगितले. माझी मैनाबाईंविरुद्ध काही तक्रार नाही, व नव्हती.

हे सर्व मला वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. सही करण्याआधी एक विनंती लिहून घ्यावी. शुक्रवारी बत्तीस मुलांची वजने आहेत. मैनाबाईंचे ऐकून आणखी तीन आज्या नातवंडे तोलू द्यायला तयार झाल्या आहेत. उशीर झाला तर त्यांचे मन बदलेल. मशीन देता येत नसेल, तर शुक्रवारी सकाळी दहाला मुलांनाच इथे आणून या टेबलाशेजारी तोलू द्यावे. अर्धा-पाऊण तास लागेल. दोरा सोडू नये, व आकडा कोणी मोठ्याने म्हणू नये. साहेब नकारार्थी मान हलवत आहेत, ते मला दिसते आहे. तरी लिहावे.