पंखावरचे डोळे

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलेल्या शिंपीणबाईंना डोळे उघडायची मनाई होती. कान मात्र मोकळे होते. मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या जोडप्याची जुंपली होती.

"अहो, परसातल्या त्या फुलपाखराच्या पंखावर एकच ठिपका होता."

"अगं, ओळच होती ठिपक्यांची. बारीक बारीक डोळेच जणू."

"एवढंसं ते तपकिरी पाखरू. दोन महिन्यांपूर्वी असंच एक पाचोळा म्हणून झाडायला निघाला होतात!"

"तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू होता."

"आणि ऑपरेशनला ढकलत कोणी आणलं?"

"तूच, बाई. उपकार झाले. आता ऐक, नातीला फोटो पाठवला होता, तिचं उत्तर आलंय."

"ती कीटकांचंच शिकते. माझंच खरं म्हणणार. वाचा!"

"'आजोबा, एका ठिपक्याचं ते वेगळं. हे ओळीने ठिपक्यांचं. मला फोटो मोठा करावा लागला, तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसले?'"

"काहीतरीच! दाखवा तो फोटो."

"घे. हवा तेवढा मोठा कर."

"हे काय... इथेही एकच आहे."

"नीट बघ."

"एकच आहे हो."

तेवढ्यात दारातून परिचारिकेने विचारलं, "पुढचा नंबर कोणाचा?"

"हिचा!" आजोबा असे गरजले की शिंपीणबाईंनी मनाई मोडून डोळे उघडले.

"अहो! तुम्ही तर म्हणालात, तुमचीच तपासणी आहे!"

"खोटं बोललो. ऊठ. ढकलायची पाळी आता माझी."