तीन श्वास

दातांच्या दवाखान्यात गाल सुजलेल्या नवऱ्याचा फॉर्म बायको भरत होती. काउंटरवरची बाई फायली लावता लावता ऐकत होती.

"व्यवसाय काय लिहू? अहो, व्यवसाय!"

"श्वास घेतोय. ध्यानाच्या शिबिरात सांगितलंय, उत्तराआधी तीन श्वास घ्यायचे."

"दात दुखतोय की समाधी लागलीय? नोकरी, असं लिहिते."

"नको. बुद्धांनी सांगितलंय, बोलावं ते खरं असावं, उपयोगाचं असावं आणि योग्य वेळी बोलावं."

"मग खरं ते सांगा."

"नोकरी गेली. तीन महिने झाले."

"आणि रोज डबा घेऊन कुठे जाता?"

"वाचनालयात. सांगणार होतो गं. खरं होतं, उपयोगाचंही होतं, पण योग्य वेळच सापडेना. चिडलीस?"

"थांबा, आता मी श्वास घेतेय."

"घे, सावकाश घे."

"मला माहीत होतं. दुसऱ्याच आठवड्यात तुमच्या ऑफिसातून घरी फोन आला होता, कपाटाची किल्ली परत द्या म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज संध्याकाळी विचारत होते की, दिवस कसा गेला. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. मला वाटायचं, आता सांगतील."

"मी ध्यान करायचो."

"कशाचं?"

"तू पुढे काही विचारू नयेस, याचं."

आतून डॉक्टरांची बेल वाजली. नंबर नवऱ्याचाच होता. काउंटरवरच्या बाईनं त्या दोघांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या मागच्या आजोबांना आत पाठवलं.